दवाखान्याला दारं अनेक

(सामुदायिक रेडिओवर बारावीच्या निकालानंतर झालेलं भाषण)



गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी भाजी घेताना एका बाईंनी मला हाक मारली. मी नर्सिंग शिकवायची, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या मुलीला बारावी सायन्सला चांगले मार्क पडले, पण ‘नीट’च्या परीक्षेत गाडी अडली. वर्षभर क्लास लावून पुन्हा परीक्षा दिली, तरी एमबीबीएसला लागेल एवढा आकडा काही आला नाही. मुलगी म्हणते, मी नर्सिंगला जाते. घरात मात्र विरोध. आजी म्हणते, “लोकांचं हगणं-मुतणं काढायला का पोरगी शिकवली?” वडील म्हणतात, “रात्रपाळी करणारीला स्थळ कुठून आणायचं?” कोथिंबिरीची जुडी हातात धरून त्या मला विचारत होत्या, “बाई, डॉक्टर नाही झाली, तर मग उरतं काय हो?”

भाजीवाल्यापुढे उभं राहून मी जे सांगितलं ते अर्धवटच होतं. या प्रश्नाचं पुरं उत्तर द्यायचं तर थोडं मागं जावं लागतं, सव्वाशे-दीडशे वर्षं मागं. कारण आज आपल्याला जे मानाचं वाटतं आणि जे कमीपणाचं वाटतं, ते कुठून आलं हे त्या काळात सापडतं.

त्या काळी बाईचं दुखणं बाहेर निघतच नसे. बाळंतपण घरात, अंधाऱ्या खोलीत. पुरुष डॉक्टरला बाईची नाडी दाखवायचीसुद्धा लाज. मदतीला असायची ती सुईण. तिच्या हाताला अनुभव होता, पण शिक्षण तिला कोणी दिलेलं नव्हतं. आणि हे काम विटाळाचं, म्हणून ते करणारीही खालची मानलेली. रात्री-अपरात्री तिला बोलवायचं, तिच्या हातावर आपल्या मुलीसुनांचा जीव सोपवायचा, आणि सोयर संपलं की तिला उंबऱ्याबाहेर उभं करायचं, असा तो व्यवहार होता. ही सुईण लक्षात ठेवा, ती पुढं पुन्हा येणार आहे.

अशा काळात कल्याणला १८६५ मध्ये आनंदीबाई जोशींचा जन्म झाला. नवव्या वर्षी लग्न. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर औषधपाणी मिळालं असतं तर तो वाचला असता, हे त्यांच्या मनात राहिलं आणि डॉक्टर व्हायचं ठरलं. १८८३ मध्ये, अठराव्या वर्षी, त्या कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या. निघण्याआधी सेरामपूरला त्यांनी भाषण करून आपण अमेरिकेला का जातो हे लोकांना सांगितलं. सांगावं लागलं, कारण शिकायला निघालेल्या बाईला रस्त्यात टोमणे मारणारे पुष्कळ होते. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्री-विभागाचं काम त्यांना मिळालं होतं, पण क्षयानं शरीर पोखरलेलं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. एकही रुग्ण आपल्या गावात तपासायला त्यांना मिळाला नाही.

आनंदीबाई आपल्याला पाठ्यपुस्तकातून ठाऊक आहेत. डॉ. रखमाबाई तितक्या ठाऊक नाहीत. त्या मुंबईच्या, जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी लग्न झालं होतं, पण मोठ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवऱ्यानं १८८४ मध्ये कोर्टात दावा लावला. १८८७ मध्ये कोर्ट म्हणालं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग चालेल असं कळवलं. पुढं पैसे देऊन तडजोड झाली, त्या लंडनला गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. १८९५ पासून सुरत आणि मग राजकोट इथल्या बायकांच्या दवाखान्यांत त्यांनी तीस वर्षांहून जास्त काम केलं. किती बाळंतपणं त्यांच्या हातून झाली असतील, याचा अंदाजच करायचा.

या दोघींच्या गोष्टी मी तुम्हाला हुरूप यावा एवढ्यासाठी सांगितल्या नाहीत. आज ज्या डॉक्टरकीसाठी घरदार क्लासची फी भरतं, ती डॉक्टरकी बाईनं करणं तेव्हा कुळाला बट्टा लावणारं मानलं जाई. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. मुंबईला कामा हॉस्पिटल उभं राहिलं तेव्हा तिथं काम पाहायला आलेल्या डॉ. एडिथ पीची या इंग्रज बाई. त्या एडिंबराला वैद्यक शिकत असताना, १८७० मध्ये, परीक्षेला निघालेल्या मुलींवर तिथल्या विद्यार्थ्यांनी चिखल फेकला होता. म्हणजे कामाचा मान काही कामाच्या अंगावर लिहून आलेला नसतो. लोक तो ठरवतात, आणि काळ गेला की तेच लोक तो बदलतात.

आता दुसऱ्या दाराकडे येऊ.

१८८३ मध्ये मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजनं मुलींना प्रवेश दिला. त्यासाठी सोराबजी शापूरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज या मंडळींनी पैसा आणि खटपट दोन्ही केली होती. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झालं, बायकांसाठी आणि बायका डॉक्टरांच्या हाती चालणारं. त्याच सुमारास, १८८५ मध्ये, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावानं फंड सुरू झाला. या फंडाच्या कामात पहिल्यापासून एक गोष्ट होती: नुसत्या डॉक्टर तयार करून भागणार नाही, नर्सही हव्यात आणि शिकलेल्या सुइणीही हव्यात. दवाखाना एकट्या माणसावर चालत नाही, हे तेव्हाच कळलेलं होतं.

पण नर्स व्हायचं कोणी? सुरुवातीला या कामात युरोपियन आणि अँग्लो-इंडियन बायका, आणि मिशनच्या दवाखान्यांत शिकलेल्या आपल्याकडच्या ख्रिस्ती बायका. मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं. अशा दवाखान्यांतून आपल्या गावागावांतल्या कितीतरी मुलींनी पांढरी टोपी घातली. बाकीचा समाज त्यांच्या हातचं औषध घ्यायचा आणि हातचं पाणी नाकारायचा. पांढरपेशा घरातली हिंदू बाई या कामाला येईना. का? परक्याच्या अंगाला हात लावायचा, रक्त, लघवी, शी काढायची, कोणत्याही जातीचा माणूस असो. आठवली का सुईण? जे काम विटाळाचं म्हणून तिच्या गळ्यात घातलं, तेच काम आता इस्पितळात चांगल्या घरच्या बाईनं करायचं होतं.

ही अढी फोडायला पुण्यात रमाबाई रानडे पुढं झाल्या. न्यायमूर्ती रानडे गेल्यानंतर त्यांनी स्वतःला या कामात गाडून घेतलं. २ ऑक्टोबर १९०९ ला पुण्यात सेवासदन सुरू झालं, आणि गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. शिवण, शिक्षण यांबरोबर सेवासदननं ससून हॉस्पिटलच्या मदतीनं बायकांना नर्सिंग शिकवायला घेतलं. आल्या त्यांत विधवा होत्या. त्या काळच्या तरुण विधवेचं आयुष्य तुम्ही आज्या-पणज्यांकडून ऐकलं असेल. दीर-भावजयीच्या घरात राबायचं आणि दोन वेळच्या जेवणासाठी तोंड बंद ठेवायचं. अशा बाईच्या हाती ससूनच्या वॉर्डात काम आलं, नाव आलं, दरमहा पगार येऊ लागला. तिला नावं ठेवणाऱ्यांकडे तिला खायला घालायची तयारी मात्र नव्हती. रमाबाईंनी हे ओळखलं होतं. त्या नुसतं ‘सेवा करा’ म्हणाल्या नाहीत, त्यांनी राहायची सोय केली, शिक्षणाची सोय केली, आणि स्वतःच्या नावाची पत या मुलींच्या पाठीशी उभी केली. त्या काळात ही पत फार मोठी गोष्ट होती.

त्याच्या थोडं आधीची एक आठवण इथं सांगायलाच हवी. १८९७ च्या प्लेगात पुण्याची माणसं घरं टाकून पळत होती, तेव्हा सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर झालेले पुत्र यशवंत यांनी शहराबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका महार वस्तीतल्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथं आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यांच्याकडे ना डॉक्टरची पदवी होती, ना नर्सचं प्रमाणपत्र. शुश्रूषा म्हणजे काय, असं कोणी विचारलं की मला ती पाठीवरची झोळी दिसते.

आता एक हिशेब ऐका. नर्सिंगला कमी लेखल्याची किंमत देशानं आकड्यांत मोजली आहे. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये, भोर समितीचा अहवाल आला. सर जोसेफ भोर हे तिचे अध्यक्ष. या समितीनं मोजलं, तेव्हा देशात सुमारे ६,३०० माणसांमागं एक डॉक्टर होता, आणि ४३,००० माणसांमागं एक नर्स. डॉक्टरपेक्षा नर्स कितीतरी कमी! खरं तर एका डॉक्टरामागं दोन-तीन तरी नर्स हव्यात. तपासणारा एक आणि रात्रभर उशाशी बसणारं कोणीच नाही, असा तो देश होता. “आमच्या मुली हे काम करणार नाहीत” असं घरोघर म्हटलं गेलं, त्याची बेरीज अशी झाली, आणि तिची किंमत पुन्हा बाळंतिणींनीच मोजली.

मग कायदे आले. आपल्या मुंबई प्रांतात १९३५ मध्येच नर्स, सुइणी आणि हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा झाला होता. १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. नोंदणी म्हणजे कागदाचा तुकडा वाटेल, पण त्यामुळंच हे काम ‘दयाळू बाईचं काम’ न राहता शिकून, परीक्षा देऊन करायचा व्यवसाय झाला. स्वातंत्र्यानंतर खेड्यांसाठी एएनएमचं शिक्षण सुरू झालं. आपल्या उपकेंद्रावरच्या सिस्टर त्या याच. मैदानी भागात साधारण पाच हजार वस्तीला आणि आदिवासी-डोंगरी भागात तीन हजारांना एक उपकेंद्र, असं ठरलं. तुमच्यापैकी कितीजणींना पहिली लस सिस्टरनंच टोचली असेल!

दारं वाढतच गेली. कमला निंबकर हे नाव फलटणकडच्या श्रोत्यांना शाळेमुळं ठाऊक असेल. त्या जन्मानं अमेरिकन. विष्णू निंबकरांशी लग्न करून इथं आल्या, इथल्याच झाल्या. त्यांनी पाहिलं की आजारातून उठलेल्या माणसाला घास तोंडात घालणं, बटण लावणं, पुन्हा कामाला लागणं शिकवणारं कोणीच नाही. अमेरिकेत जाऊन त्या ते शास्त्र शिकल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात ऑक्युपेशनल थेरपीची देशातली पहिली शाळा त्यांनी काढली. १९५२ मध्ये मुंबईत पोलिओची साथ आली. मुलं वाचली पण पाय लुळे पडले. त्यानंतर केईएममध्येच फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. आज गुडघा बदलल्यावर आजोबांना चालवणारी फिजिओथेरपिस्ट आपण पाहतो, तिचं शास्त्र आपल्याकडे अशा साथीतून रुजलं.

आणि आता सुईण पुन्हा येते. १९७० मध्ये नगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. त्यांनी गावकऱ्यांना सांगितलं, तुमच्यातलीच एक बाई निवडा, आम्ही तिला शिकवतो. निवडल्या गेलेल्या बायकांत पुष्कळजणी निरक्षर होत्या, काही दलित होत्या. त्या शिकल्या, आणि ज्या घरात पूर्वी त्यांना ओसरीवरही घेत नसत, त्या घरात बाळंतिणीपाशी बसून सल्ला देऊ लागल्या. पुढं गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळ गार पडलं का, श्वास घेतंय का, जंतुसंसर्ग झालाय का, हे ओळखायचं आणि घरीच उपचार सुरू करायचे. तीन वर्षांत तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपली ‘आशा’ २००५ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आली, पण तिची मुळं अशा कामांत आहेत.

मात्र इतिहास सांगताना गोड तेवढंच सांगू नये. आशाताईला अजून पगार नाही, कामावर मोबदला आहे. करोनात घरोघर फिरल्यावर जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशाताईंना संप करावा लागला. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला. गौरवावर घर चालत नाही. खाजगी दवाखान्यांत कमी पगारावर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, त्यांत माझ्या विद्यार्थिनीही आहेत. ‘सेवा’ हा शब्द पगार कमी द्यायला फार सोयीचा पडतो. म्हणून या क्षेत्रात या, पण डोळे उघडे ठेवून या.

तर मुलींनो, आज कोणकोणती दारं आहेत? कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्या मुलीला दोन वर्षांचा एएनएम आहे. त्यापुढचा जीएनएम तीन वर्षांचा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी असेल तर चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, पुढं एमएस्सी, शिकवण्याची वाट. औषधनिर्माण म्हणजे फार्मसी, त्याची पदविका दोन वर्षांची. रक्त-लघवी तपासणारी लॅब टेक्निशियन, एक्स-रे आणि सीटी स्कॅन काढणारी, ऑपरेशन थिएटर आणि डायलिसिसचं यंत्र सांभाळणारी, डोळे तपासणारी, बोलायला-ऐकायला शिकवणारी, आहार सांगणारी, मनाचं दुखणं ऐकणारी, दवाखान्याचा कारभार पाहणारी. यातल्या बऱ्याच कामांना आता २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं स्वतंत्र परिषदेची सोय केली आहे. नर्सिंगला नोंदणीनं जे बळ दिलं, ते हळूहळू यांनाही मिळावं असा त्यामागचा हेतू.

दोन गोष्टी मात्र फी भरण्याआधी करा. प्रवेशाचे नियम आणि परीक्षा बदलत राहतात, म्हणून त्या वर्षाची सरकारी माहितीपुस्तिका स्वतः वाचा. शेजारच्या ताईनं तीन वर्षांपूर्वी काय केलं, त्यावर जाऊ नका. आणि कॉलेजला त्या-त्या परिषदेची मान्यता आहे का, ते परिषदेच्या यादीतच तपासा. रस्त्यावरच्या फलकावर ‘शंभर टक्के नोकरी’ लिहिलेलं असतं, नोंदणी मिळेल असं कुठं लिहिलेलं नसतं. नोंदणी नसेल तर दोन वर्षं आणि बापाच्या घामाचे पैसे पाण्यात जातात. हे रडत आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून सांगते.

आणि घरच्यांनो, मुलीला आधी हे विचारा: तुला काय करायला आवडेल? माणसांत राहायला की यंत्रापाशी? रक्त पाहून चक्कर येते का? रात्र जागवेल का? जवळच्या ग्रामीण रुग्णालयात परवानगी काढून तिला एक दिवस बसू द्या. एका दिवसात जे कळेल, ते दहा जणांच्या सल्ल्यानं कळणार नाही.

त्या कोथिंबीरवाल्या बाईंना मी हेच पुरं सांगायला दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. आजी ओट्यावर बसून होत्या. मी त्यांना विचारलं, “आजी, तुमची बाळंतपणं कोणी केली?” त्या म्हणाल्या, “आमच्या गावच्या सुईणबाईनं, पाचही.” मग थोडा वेळ बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, “नाव नाही आठवत बघ तिचं. लई जीव लावला होता तिनं.”

मी काही बोलले नाही. नात दारात उभी राहून ऐकत होती. वडील अजून तयार नाहीत. पण फॉर्म भरायची तारीख कोणती, ते आईनं माझ्याकडून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतलं आहे.